भोंडला सातपर्यंत चालवायचा होता

मला राग लवकर येतो. आमचे हे म्हणतात, हिच्यासमोर बसताना हेल्मेट घालून बसावं. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्या प्रकरणात मी जी मोठी चूक केली ती रागात नाही केली. अगदी शांत डोक्याने, शहाणपणा करायला जाऊन केली. त्या दिवशी नुसती रागावले असते तरी बरं झालं असतं.

आम्ही दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. ती नवव्यावर राहायची. तिशीच्या आसपासची, सोबत पाच वर्षांची मुलगी. आमची ओळख झाली कढीपत्त्यावरून. इथल्या उन्हात बाल्कनीत कढीपत्ता जगवलाय याचा मला एवढा गर्व आहे की लिफ्टमध्ये भेटेल त्या बाईच्या हातात मी चार डहाळ्या कोंबते. तिच्याही कोंबल्या. दुसऱ्या दिवशी ती दाण्याची चटणी घेऊन आली, आणि अशी चटणी की आमच्या ह्यांनी नुसत्या पावाला लावून संपवली.

मग ती अधूनमधून यायला लागली. सकाळी दहाला, नवरा ऑफिसला आणि मुलगी केजीत गेली की. पंधरा मिनिटांच्या वर कधी बसायची नाही, पण त्या पंधरा मिनिटांत मला हसवून हसवून बेजार करायची. आमच्या खालच्या सिक्युरिटीवाल्याची, पार्सल आलं की तो कसा अरबी झोकात "मादाम, यल्ला, पार्सल" म्हणतो, त्याची नक्कल करावी तर तिनेच. मी म्हणायचे, अगं बस की जरा, काय विमान पकडायचंय? ती म्हणायची, "नाही काकू, व्हिडिओ कॉल येईल."

तो व्हिडिओ कॉल म्हणजे काय हे मला दीडेक महिन्याने कळलं. नवरा दिवसातून चार-पाचदा कॉल करून "घर दाखव" म्हणायचा. किचन दाखव, बाथरूम दाखव, दाराची कडी दाखव. आणि एके दिवशी तिची बाही जरा वर सरकली, तेव्हा बाकीचंही कळलं. तिने फार काही सांगितलं नाही. मारतो, म्हणाली. मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "आणि रात्री मी 'नको' म्हटलेलं त्याच्या कानात शिरतच नाही, काकू."

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ. ती एकदम उठलीच. दोघींचे पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होते, व्हिसा त्याच्या नावावर. त्याने तिला स्वच्छ सांगून ठेवलं होतं की तोंड उघडलंस तर व्हिसा कॅन्सल करून तुला घरी पाठवीन आणि पोरगी इथेच राहील. "मार खाईन काकू, पण तिला सोडून विमानात बसणार नाही," ती म्हणाली. तिला एवढीच भीती होती, आणि ती तिला पुरेशी होती.

आता माझी चूक ऐका. आपल्याकडे असं काही कानावर आलं की आपण काय करतो? दोघांना खायला बोलावतो. पोहे करतो, चहा करतो, आणि घरातल्या मोठ्या माणसाने जावयाला चार शब्द सुनवावेत तशा थाटात नवऱ्याला "समजावतो". माझ्या माहेरी हेच बघितलं, सासरी हेच बघितलं. ती नको नको म्हणत होती, तरी मी रविवारी दोघांना नाश्त्याला बोलावलं. साबुदाण्याची खिचडी केली. तो आला, वाकून नमस्कार केला, दोन बश्या खिचडी खाल्ली, काकू तुमच्या हाताला काय चव आहे म्हणाला. मग आमच्या ह्यांनी विषय काढला तर ढसाढसा रडला! ऑफिसचं टेन्शन आहे काका, माझंच चुकतं काका, तुम्ही मला वडिलांसारखे. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. दार लावल्यावर मी ह्यांना म्हटलं, बघा, प्रेमाने सांगितलं की माणूस ऐकतो. स्वतःवर इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

पुढचे नऊ दिवस ती दिसली नाही. दहाव्या दिवशी लिफ्टमध्ये दिसली, उजवा हात प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये घसरले, असं तिने लिफ्टमधल्या बाकीच्यांना सांगितलं. उतरताना माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "काकू, पाया पडते, परत त्याच्याशी काही बोलू नका."

घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तो हात मी मोडला होता. आमचे हे समजूत घालायला आले तर त्यांनाही फाडकन बोलले. शेवटी आमची मुलगी आली. ती अकरावीत आहे आणि आम्ही मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्लिशमध्ये देते. "आई, हू टोल्ड यू टू मिडिएट? देअर आर पीपल हूज जॉब इज धिस." मी म्हटलं, मला अक्कल शिकवू नकोस. तिने अक्कल शिकवली नाही, फोनवर सरकारी हेल्पलाइन शोधून दिली, स्पीकर लावला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

फोन उचललेली बाई हिंदी बोलणारी निघाली, तेही हैदराबादी हिंदी. मी धडाधडा सगळं ओकले. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "आंटी, उसके शौहर से किसी ने बात तो नहीं की?" मुलीने मला कोपराने ढोसलं. "की है," मी म्हटलं, "हमने. खिचडी खिलाके." ती ओरडली नाही. म्हणाली, बहुतेक लोक हेच करतात, आता परत करू नका. नवऱ्याला सुगावा लागला की बाईला धोका वाढतो. आणि समोर मारहाण होतेय असं वाटलं तर थेट पोलिसांना फोन करा, आमची वाट बघू नका.

मग मी तिला शंभर प्रश्न विचारले. तक्रार केली म्हणून हिला विमानात बसवतील का? नाही. पोरगी काढून घेतील का? आई आणि मूल आमच्या निवाऱ्यात एकत्रच राहतात. पैसे? एकही दिरहॅम नाही. पासपोर्ट? तो तिचा आहे, तो परत मिळवायला मदत करता येते. डॉक्टरचे कागद असतील तर जपून ठेवायला सांगा. प्रत्येक उत्तरासरशी माझा जीव थोडा थोडा खाली येत होता. शेवटी ती म्हणाली, "लेकिन आंटी, फैसला उसका होगा. आपका नहीं." हे मात्र मला झोंबलं, कारण आमच्या मजल्यावर कुणाच्या घरी कुठला पडदा लागावा हेही मीच ठरवते.

आता अडचण अशी की हिला पोरीसकट बाहेर काढायचं कसं? फोन तो तपासायचा, घरात केव्हाही व्हिडिओ कॉल, पोरीला घेऊन बाहेर जायचं तर त्याच्यासोबत. हेल्पलाइनच्या बाईंनी विचारलं, अशी एखादी जागा आहे का जिथे ती हक्काने येईल आणि तो येणार नाही? मी उडालेच. "है ना! भोंडला!"

पुढची दहा मिनिटं मी एका हैदराबादी बाईला फोनवर भोंडला समजावला. "देखिए, नवरात्री में, बीच में हाथी होता है, और सब औरतें उसके गोल घूमके गाना गाती हैं." "आंटी, हाथी... बिल्डिंग में?" आमची मुलगी हसून हसून जमिनीवर लोळत होती. इतक्या दिवसांत आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. चित्रातला हत्ती हो, मी म्हटलं. आणि एकही पुरुष आत येत नाही, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी कढीपत्ता घेऊन नवव्या मजल्यावर गेले आणि दारातच, दोन मिनिटांत, हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. पोरगी तिच्याजवळच राहील, हे तीनदा सांगितलं. आणि मग, माझ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, "तू ठरव" असं म्हणून गप्प बसले. फार जड गेलं, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "दोन दिवस द्या." तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटली. सोबत नवरा होता. मोठ्याने म्हणाली, "काकू, मी येणारे हं भोंडल्याला. आमच्या सासूबाईंना माझा साडीतला फोटो हवाय." तोही हसून म्हणाला, जाऊ दे की, फॅमिली ग्रुपवर टाकू. मग तिने विचारलं, "खिरपतीचा डबा जरा मोठा आणला तर चालेल ना?" मी म्हटलं, आण बाई, पातेलं आण.

भोंडला शनिवारी पाच वाजता, पहिल्या मजल्यावरच्या पार्टी रूममध्ये. कार्पेटवर रांगोळी चालत नाही म्हणून टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हत्ती काढला होता, त्याची सोंड जरा शेपटीसारखी झाली होती. झेंडूच्या माळेला पंचवीस दिरहॅम, म्हणजे सहाशे रुपये झाले की हो, यावर नेहमीची हळहळ झाली. ठरलेलं फक्त मला, तिला आणि माझ्या मुलीला माहीत होतं. हेल्पलाइनच्या बाई बेसमेंटमध्ये गाडीत थांबणार होत्या. नवरा खालच्या कॅफेटेरियात करक चहा घेऊन बसला होता, तिथून बिल्डिंगचं मुख्य दार दिसतं आणि आमच्या खिडकीतला आवाजही ऐकू जातो. सातला घ्यायला येतो, असं तो सांगून गेला होता.

ती आली ती जांभळ्या साडीत, प्लास्टर पदराखाली, एका हाताला पोरगी, आणि खांद्याला अडकवलेल्या पिशवीत हा एवढा स्टीलचा डबा. मी दाराशी उभी. तेवढ्यात लिफ्टमधून सलवार-कमीजमधली एक अनोळखी बाई बाहेर आली आणि माझ्याकडे बघून बारीक हसली. हेल्पलाइनवालीच ही, गाडीत थांबणार होती! बेसमेंटमध्ये सिग्नल नव्हता म्हणून बघायला वर आली, असं नंतर म्हणाली. मी काही बोलायच्या आत आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंनी तिचा हात धरला. या काकू म्हणजे शिस्तीचं काम. घरातलं घरात राहावं, बाईने सोसावं, आमच्या वेळी असं नव्हतं, ही त्यांची ठरलेली वाक्यं. "नवीन का? लाजायचं नाही," असं म्हणून त्यांनी त्या बाईला थेट रिंगणात ओढलं. बिचारी हत्तीभोवती तीन फेऱ्या फिरली. पाय चुकत होते पण चेहरा असा फुलला होता! जखमांचे फोटो, पोलिसांचे फॉर्म, यातून उठून आलेली ती बाई, टाळ्या वाजवत गोल फिरत होती.

गाणी झाली की खिरपत ओळखायची. ज्याने त्याने आपापला डबा बंद ठेवायचा, हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. साडेसहा वाजले होते. मी तिला डोळ्याने खुणावत होते, बाई, आता निघ. ती निघेना. तिचा नंबर आला तशी ती उठली आणि डाव्या हाताने डबा हलवला. आतून खुळखुळ नाही, नुसता फडफड असा आवाज. "पापड!" "कुरडया!" "अगं, चिवडा सादळलाय तिचा!" बायका हसत सुटल्या.

"नाही येणार कुणाला ओळखता," ती म्हणाली, आणि झाकण काढलं. आत मुलीचा जन्मदाखला होता, तिची बी.फार्मची सर्टिफिकेटं, हाताच्या एक्स-रेचा रिपोर्ट, आणि पोरीचे दोन फ्रॉक घडी करून ठेवलेले. "मी बाथरूममध्ये पडले नव्हते," ती म्हणाली. "मी आज घरी परत जाणार नाहीये. या ताई मला न्यायला आल्यात." शब्द एकही चुकला नाही. मग तिने कागदांखालून एक छोटी डबी काढली. "आणि दाण्याची वडी केलीय. नियम मोडला नाही मी."

बावीस बायका, आणि सगळ्यांचे डोळे त्या डब्यावर. मला वाटलं, झालं, आता शिस्तीच्या काकू काहीतरी बोलणार आणि मी त्यांच्यावर धावून जाणार. काकूंनी वडीचा तुकडा तोंडात टाकला. डोळे भरलेले. "सातला किती वेळ आहे?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, वीस मिनिटं. "मग उभ्या काय राहिलात सगळ्या? धरा हात. सात वाजेपर्यंत आवाज खाली आला नाही पाहिजे."

त्या दोघी, पोरगी आणि तो डबा मागच्या लिफ्टने बेसमेंटला गेले. माझी मुलगी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. आणि आम्ही गायला लागलो. बाई गं, काय गायलो! माहीत असलेली सगळी गाणी दहा मिनिटांत संपली, कारण घाबरून सगळ्या दुप्पट वेगात गात होत्या. परत पहिल्यापासून सुरू केली. मग एकीने देवीची आरती घेतली. तीही संपली तेव्हा कोपऱ्यातल्या एका कोकणातल्या वहिनींनी भोंडल्याच्या चालीवर पुरणपोळीची रेसिपी गायला सुरुवात केली, डाळ शिजवा गं, येळवणी काढा गं, आणि आम्ही सगळ्या मागून तार स्वरात "काढा गं!" खिडकी उघडी होती. खाली त्याला वाटत असेल, काय रंगलाय भोंडला. मी गाताना रडत होते, हसत होते, आणि माझा घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत बसला होता. मुलीचा मेसेज आला, "दे आर गॉन." मी तो वाचला आणि गाण्यातल्या पुरणात जायफळ घातलं.

सातला तो दारात. "कुठाय?" मी म्हटलं, गेली. कुठे, म्हणाला. माहीत नाही, म्हटलं, आणि ते खरंच होतं, मला मुद्दाम सांगितलंच नव्हतं. तो ओरडायला लागला, काकू तुम्ही माझं घर मोडलंत. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण हेल्पलाइनच्या बाईंनी बजावलं होतं की वाद घालायचा नाही. मी दात आवळून उभी राहिले. माझ्यामागे एकवीस बायका हात धरून उभ्या होत्या, अजून रिंगणातच. सिक्युरिटीवाला वर आला, "सर, खलास, नीचे चलिए," म्हणाला, आणि तो गेला.

त्यानंतर तीन महिने आम्हाला तिचा आवाज ऐकायला मिळाला नाही. फक्त तिने सांगितलं म्हणून, तिच्या परवानगीने, हेल्पलाइनच्या बाईंकडून निरोप यायचा, दोघी बऱ्या आहेत. मग हळूहळू कळत गेलं. त्याने तिच्या जवळ फिरकू नये असा हुकूम निघाला. पोलिसांनी सांगितल्यावर पासपोर्ट ड्रॉवरमधून बाहेर आले. मुलगी आईजवळ राहील असं कोर्टात ठरलं, बापाला ठरलेल्या दिवशी, निवाऱ्यातल्या बाईंच्या समोर भेटता येतं. तिला अबुधाबीत एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम मिळालं, लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. हे सगळं एका दमात लिहिलं म्हणून सोपं वाटेल. सोपं नव्हतं. ती दोनदा नवऱ्याकडे परत जायला निघाली होती, तिनेच सांगितलं, आणि दोन्ही वेळा निवाऱ्यात कुणी तिला रागावलं नाही.

फेब्रुवारीत आम्ही मायलेकी तिला भेटायला अबुधाबीला गेलो. एकाच खोलीचं घर, पण काय सजवलंय! ती परत नकला करायला लागली होती. तिच्या हॉस्पिटलमधले एक मोठे डॉक्टर औषधाची चिठ्ठी कशी देतात ते करून दाखवत होती आणि आम्ही पोट धरून हसत होतो. तेवढ्यात पोरीने केळं मागितलं. तिने सोलून दिलं आणि ते मधोमध मोडलं.

झालं. पोरीला अख्खं केळं हवं होतं. तिने ते भिंतीवर फेकलं, जमिनीवर आडवी पडली, पाय आपटले आणि असं भोकाड पसरलं की खिडकीच्या काचा हलल्या असतील. घरात दुसरं केळं नव्हतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी खुर्चीवरून निम्मी उठले, "ए, गप्प! शेजारचे काय म्हणतील?"

तिने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"ओरडू दे काकू," ती म्हणाली. "नवव्या मजल्यावर असताना ही कधी आवाज करून रडली नाही. पडली, लागलं, तरी तोंडावर हात दाबून रडायची. मागच्या महिन्यापासून ओरडायला लागलीय."

मग आम्ही तिघी बसून राहिलो आणि ती पोरगी रडली. चांगली दहा मिनिटं, पोटभर, घर डोक्यावर घेऊन. शेजाऱ्यांनी एकदा भिंत वाजवली, तरी तिची आई हसतच होती. रडून झाल्यावर पोरगी उठून बसली, फ्रॉकला नाक पुसलं आणि भिंतीखालचा केळ्याचा तुकडा उचलून खाल्ला.